साड्यांच्या घरातलं वांगं

वसराम माणूस वाईट नव्हता. कामाला तर दोघांना भारी होता. पण त्याच्या हातांना डोळे नव्हते. समोर येईल ते उचलायचं आणि कामाला जुंपायचं, ही त्याची साठ वर्षांची खोड. एका पोळ्याला त्यानं बायकोच्या काठवटीत बैलांच्या शिंगांचा रंग कालवला होता. सुनेच्या नव्या कोऱ्या ओढणीनं मोटारसायकलची चेन पुसली होती. मिराबाई दर वेळी त्याला चार शब्द सुनवायची, तो मान खाली घालून ऐकायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच करायचा. चाळीस वर्षांत या भांडणाचा दोघांनाही इतका सराव झाला होता की त्यातलं काही कुणाला लागत नसे.

यंदाच्या फेब्रुवारीत त्यानं जे उचललं, त्यावर मात्र मिराबाई भांडलीच नाही. आणि वसरामला तेच भांडणापेक्षा जड गेलं.

त्यांचा तांडा शिरड शहापूरच्या अलीकडे, माळाच्या अंगाला. त्या दिवशी वसरामच्या घरामागच्या खळ्यावर हळद शिजवायचा कुकर आला होता. कुकर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे. चाकांवर ओढत आणायचा लोखंडी बॉयलर. सगळ्या शिवारात तो पाळीनं फिरतो आणि आपली पाळी आली की जळण आपलं आपण पुरवायचं असतं. दुपारपर्यंत खळ्यावरच्या कापसाच्या पऱ्हाट्या संपल्या, लाकडं संपली. दोन ड्रम हळद शिजायची राहिली होती, वाफ उतरायला लागली आणि कुकरवाला ओरडायला लागला.

"बापू, जाळ घाला, जाळ! हळद कच्ची राहून राहिली!"

वसराम घराकडं पळाला. मागच्या भिंतीवर गोवऱ्या वाळत होत्या. त्यानं दोन्ही हातांनी त्या खरडून काढल्या, पोत्यात भरल्या आणि नेऊन जाळात ओतल्या. जाळ छान धरला. कुकरवाला खूश झाला.

त्या गोवऱ्यांमध्ये, दाराच्या वरच्या बाजूला, तळहाताएवढ्या पाच गोवऱ्या वेगळ्या होत्या. त्यांच्यात बी होतं.

बी ठेवायची ही जुनी रीत आहे. एखादं चांगलं वांगं झाडावरच पिवळं होऊ द्यायचं, त्याचं बी काढून राखेत घोळायचं, मग शेणात कालवून भिंतीवर थापायचं. शेणातल्या बियाला किडा लागत नाही, उंदीर तोंड लावत नाही. लागेल तेव्हा गोवरी फोडायची. मिराबाईच्या गोवऱ्यांतलं बी तिच्या आईचं, पारुबाईचं होतं. मिराबाई लग्न होऊन या तांड्यात आली तेव्हा पारुबाईनं लेकीच्या पदराला एक गोवरी बांधून दिली होती. पांढरट हिरवं, रेघारेघांचं, देठाला बोट लावू देणार नाही असं काटेरी वांगं. निखाऱ्यावर भाजलं की साल कागदासारखी सुटायची आणि आत बी सापडायचं नाही इतका गर. पारुबाईला जाऊन वीस वर्षं झाली होती. तिचा एक फोटो नव्हता. तिचे दागिने भावजयांत वाटले गेले होते. आईचं म्हणून मिराबाईकडं काय होतं, तर हे वांगं. ते ती तांड्यात हव्या त्याला खायला द्यायची, बी मात्र कुणालाच देत नसे. आईनं घराबाहेर जाऊ देऊ नको म्हणून सांगितलं होतं. गेली दोन वर्षं डुकरांनी वाफा उकरून टाकला होता, बियाला धरायला एकही फळ राहिलं नव्हतं. जे काय होतं ते त्या पाच गोवऱ्यांत होतं.

मिराबाई चहाची किटली घेऊन खळ्याकडं निघाली, तेव्हा तिला दाराच्या वर पाच गोल पांढरे डाग दिसले. ती धावतच कुकरपाशी आली. तिनं नुसतं जाळाकडं बोट दाखवलं, आणि वसरामला सगळं कळलं. त्यानं काठीनं जाळ उकरला, एक छोटी गोवरी बाहेर ओढली आणि ती विझवायला हाताला जे लागलं ते तिच्यावर ओतलं. हाताला लागली होती चहाची किटली.

अशा रीतीनं पारुबाईचं शेवटचं बी एका कडेनं जळालं आणि दुसऱ्या कडेनं चहात भिजलं. मिराबाईनं ती गोवरी पदरात घेतली, उंबऱ्यात बसून फोडली आणि एकेक दाणा वेचला. करपलेले बाजूला काढले. चांगले दिसणारे चौसष्ट भरले. मग तिनं सुनेला हाक मारली.

"निलम, तुझ्या बापूला सांग. आच लागलेलं अन् भिजलेलं बी पावसाळ्याची वाट बघत न्हाई. निम्मं मी सावलीत सुकवून राखेत ठेवते, महिनाभर धरलं तर धरलं. निम्मं आत्ताच लावावं लागंल."

वसराम तिथंच दोन हातांच्या अंतरावर उभा होता. निलमनं एकदा सासूकडं बघितलं, एकदा सासऱ्याकडं, आणि म्हणाली, "बापू, याडी म्हणते..." तांड्यात आईला याडी म्हणतात. पुढचं तिला सांगावं लागलं नाही. पण त्या दिवसापासून मिराबाई नवऱ्याशी जे बोलायची ते निलमच्या तोंडून. भाकरी वाढलीय सांग. शेरडं सोडायचीत सांग. भांडण असतं तर वसरामनं ऐकून घेतलं असतं. हे त्याला सोसेना. घरात असून तो पाहुण्यासारखा वावरायला लागला.

आता मार्चमध्ये या भागात वांग्याचं बी लावायचं म्हणजे तव्यावर लावण्यासारखंच. सकाळी दहाला माळ तापतो तो संध्याकाळी सहापर्यंत. पश्चिमेकडून झळ येते ती कोवळं पान उभ्या उभ्या वाळवते. ज्यांच्याकडं पैसा आहे, ते शेडनेट घालतात. निलमनं फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात लोखंडी पाइपांचं, पांढऱ्या कागदाचं, पंखे लावलेलं झकास घर होतं. वसरामनं तो शेवटपर्यंत बघितला.

"किती लागतेत म्हणतो तो?"

निलमनं आकडा सांगितला.

"तेवढ्यात तर माणसांचं घर होतंय," वसराम म्हणाला आणि उठला. पण व्हिडिओतली एक गोष्ट त्याच्या डोक्यात राहिली होती. त्या घराला भिंती नव्हत्या, कोपरे नव्हते. जमिनीतून निघून जमिनीत गेलेल्या नुसत्या कमानी होत्या.

दुसऱ्या दिवशी तो परसात फिरला. आणि इथं या माणसाला मानलं पाहिजे. चौथीच्या पुढं शाळा नाही, हातात पहार आणि कोयता सोडून हत्यार नाही, पण परसात पडलेल्या अडगळीकडं त्यानं ज्या नजरेनं बघितलं, तसं आजवर कुणी बघितलं नव्हतं. हळदीतल्या ठिबकच्या जुन्या नळ्या ढिगानं पडल्या होत्या. नळी एकटी लुळी, उभी राहत नाही. बांबूची कामटी उभी राहते, पण वाकवली की उन्हानं तडकते. त्यानं कामट्या बारीक सोलून नळ्यांच्या आत सारल्या. नळीनं कामटीला आवरलं, कामटीनं नळीला ताठ केलं. पहारीनं भोकं पाडून दोन्ही टोकं जमिनीत रोवली की सुरेख कमान झाली. अशा सात कमानी दोन दिवसांत उभ्या राहिल्या. निलमनं एक कमान हातानं दाबून बघितली, ती वाकली आणि सोडल्याबरोबर परत उभी राहिली. तिच्या तोंडून "अरे वा" निघून गेलं. मिराबाई पाठमोरी भांडी घासत होती. तिचा हात एक क्षण थांबला, एवढं वसरामनं बघितलं.

छतासाठी त्यानं साड्या काढल्या. आमच्याकडं डुकरं येऊ नयेत म्हणून हळदीच्या वावराभोवती जुन्या साड्या बांधतात. हळद निघाली होती, साड्या रिकाम्या झाल्या होत्या. उन्हापावसानं विटलेल्या, लाल, निळ्या, जांभळ्या. त्या कमानींवर घट्ट कशा बसवायच्या हा प्रश्न आला. खिळा मारावा तर नळी फाटते, दोरीनं बांधावं तर साडी सरकते. वसरामनं उरलेल्या नळीचे वीतभर तुकडे केले, ते कोयत्यानं उभे चिरले आणि साडीवरून कमानीला चढवले. तुकड्यानं साडी चिमट्यासारखी पकडली. बाजारातून त्यानं फक्त तार आणि सुतळी आणली.

राहिली पश्चिमेची झळ. मुलगा देविदास वसमतला हळदीच्या गोदामात कामाला होता. रविवारी येताना तो फाटकी पोती घेऊन आला. वसरामनं ती शिवून पश्चिम बाजूला उभी टांगली, त्यांच्या माथ्यावरून ठिबकची नळी आडवी नेली आणि ती एका ड्रमाला जोडली. ड्रम ठेवला बाभळीच्या खोडावर. थेंब थेंब पाणी पोत्यांवर पडायला लागलं, पोती ओली झाली आणि जी झळ होती तिचा वारा झाला. बाहेर डोकं तापत असताना आत गेलं की अंगावर काटा यायचा. दुपारी तांड्याचा नाईक भावसिंग बघायला आला आणि आत बसल्या बसल्या घोरायला लागला. उठल्यावर म्हणाला, "वसराम, वांग्याचं ऱ्हाऊ दे. मला असं एक बांधून दे बाबा."

घर वसरामनं बांधलं, पण आत काय आणि कसं लावायचं हे मिराबाईच्या हातात होतं. आणि त्यात तिचा हात धरणारं तांड्यात कुणी नव्हतं. श्रावणात तांड्यातल्या पोरी तीज पेरतात. छोट्या टोपल्यांत माती आणि खत घालून गहू लावतात, सावलीत ठेवतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात. नऊ दिवसांत ज्या पोरीचा गहू उंच, तिचं कौतुक. मिराबाई पोर होती तेव्हा तिच्या टोपलीएवढी तीज कुणाची वाढत नसे. अजूनही पोरी माती कालवायला तिच्याकडं येतात. म्हणून तिनं टोपल्याच घेतल्या, तीच माती कालवली आणि बत्तीस दाणे लावले.

"निलम, त्यांना सांग, साड्या तीन पदरी करा. तिजेला ऊन दावत न्हाईत."

वसरामनं तीन पदर चढवले. आत संध्याकाळसारखं झालं.

दहाव्या दिवशी कोंब वर आले. सव्वीस. मिराबाईनं मोजले, पुन्हा मोजले आणि टोपलीला हात जोडले. मग ती रोपं वाढायला लागली, आणि काय वाढली! वीस दिवसांत वीतभर. पिवळसर, नाजूक, एकमेकांपेक्षा उंच. तांड्यातल्या बाया रांगेनं बघायला आल्या. "मिराबाईचा हातच तसा हाय," म्हणून गेल्या. मिराबाई त्या दिवसांत हसायची. एकदा तर हसता हसता तिची नजर वसरामवर पडली आणि ती लगेच दुसरीकडं बघायला लागली नाही. वसरामला वाटलं, आता बोलेल. त्यानं उगीच खाकरून घेतलं.

त्याच आठवड्यात द्वारकाबाई आली. द्वारकाबाई शिरड शहापूरची, स्वतः भाजीपाला लावून बाजारात बसणारी, मिराबाईची वीस वर्षांची मैत्रीण. पारुबाईच्या वांग्याचं बी ती दर वर्षी मागायची आणि दर वर्षी मिराबाई तिला पिशवीभर वांगी देऊन वाटेला लावायची. ती वाकून आत शिरली, टोपलीपाशी बसली, एका रोपाला बोट लावलं. रोप लवलं ते तसंच राहिलं.

"मिराबाई, राग मानू नका. पण ही रोपं न्हाईत, ही तुमची तीज हाय."

"म्हंजी?"

"तिजेच्या गव्हाला नऊ दिवस नुसतं उंच व्हायचं असतं. मग तुमी तो काढता, व्हय ना? वांग्याला आठ महिने उभं ऱ्हायचंय, वर फळाचं वझं पेलायचंय. ह्यांच्या माना बघा, दोऱ्यावानी. उजेडासाठी वर वर पळून राहिलीत बिचारी."

मिराबाईला ते झोंबलं. तिनं निलमला चहा टाकायला सांगितला आणि विषय बदलला. पण तिसऱ्या दिवशी सकाळी ती पाणी घालायला आत गेली, तर रोपं मुळापासून आडवी झाली होती. एकेक करत संध्याकाळपर्यंत सगळ्या टोपल्या झोपल्या. मिराबाईनं काड्या टेकवल्या, माती चढवली. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी ती टोपलीसमोर बसली आणि रडली. गोवरी जळाली तेव्हा ती रडली नव्हती, कारण तेव्हा चूक दुसऱ्याची होती. ही तिची स्वतःची होती, तिच्या हातात जी विद्या आहे असं अख्खा तांडा मानतो त्या विद्येतली.

वसराम बाहेर ड्रमापाशी उभा होता. आत जावं, तिच्याजवळ बसावं असं त्याला फार वाटलं. पण आपण गेलो तर आपल्यालाच बघून तिला जास्त रडू येईल, हे त्याला कळत होतं. तो तिथंच उभा राहिला.

मिराबाई गेल्यावर तो आत शिरला. टोपल्या बाहेर फेकाव्यात म्हणून त्यानं हात घातला, आणि मग, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, त्यानं हात मागं घेतला. दोन्ही हात पाठीशी बांधले आणि आधी बघितलं. कोपऱ्यातल्या टोपलीच्या कडेला दोन रोपं जिवंत होती. बोटभर उंचीची. इतकी बुटकी, की उंच रोपांत ती कुणाच्या नजरेत भरलीच नव्हती. पण खोड सुतळीएवढं जाड, जांभळं, आणि पान काळंभोर हिरवं. वसरामनं मान वर केली. वर साडीला भोक होतं. शेरडीनं शिंग घालून तिन्ही पदर फाडले होते आणि शिवायचं राहून गेलं होतं. तिथून उन्हाचा एक कवडसा येत होता, आणि तो थेट त्या दोन रोपांवर पडत होता.

वसराम रोपांपाशी टेकला आणि बघत राहिला. कवडसा रोपांवरून हळूहळू सरकून मातीवर गेला. मग तो बाहेर आला.

"निलम, तुझ्या याडीला सांग," तो म्हणाला, आता त्यालाही सवय झाली होती, "उंच बघू नको म्हणावं. बुटकं बघ. इकडं ये अन् शेरडीनं काय केलंय ते बघ."

मिराबाई आली. त्या दोन रोपांपुढं बसली. खोडाला बोट लावलं. रोप हललंसुद्धा नाही. तिनं वर भोकाकडं बघितलं, मग परत रोपांकडं, आणि नाकातून दीर्घ श्वास सोडला.

"निलम, त्यांना सांग, एकच पदर ठेवा. अन् सकाळ-संध्याकाळचं ऊन आत येऊ द्या. दुपारचं तेवढं नको."

म्हणजे छत रोज उघडायचं आणि रोज झाकायचं. चिमटे काढायचे नि लावायचे म्हटलं तर दिवस त्यातच जाणार. वसरामनं एक दिवस डोकं खाजवलं. मग कमानींवरून लांबीनं तारा ओढल्या, नळी कापून बांगडीसारखी कडी केली, ती साड्यांच्या काठाला शिवली आणि तारांत ओवली. आता साडी पडद्यासारखी सरकायची. एक दोरी ओढली की छत उघडं, दुसरी ओढली की झाकलं. शहरातल्या कुणी केलं असतं तर त्याचं नाव पेपरात आलं असतं. वसरामला तांड्यात "साडीवाले बापू" एवढं नाव मिळालं, आणि तेही हसत हसत.

राखेतले बत्तीस दाणे आता लावले. या वेळी टोपल्या नाहीत. दुधाच्या रिकाम्या पिशव्या, खाली भोकं पाडलेल्या, एका पिशवीत एक दाणा. आधीच आच लागलेलं बी, त्यात महिन्याहून जास्त थांबलेलं. एकोणीस उगवली. त्या दिवसापासून वसरामचं जिणं त्या दोरीला बांधलं गेलं. सूर्य उगवला की उघडायचं, दहाला झाकायचं, साडेचारला उघडायचं. तो सोयऱ्याच्या लग्नाला हट्ट्याला गेला नाही. वसमतला दवाखान्यात जायचं होतं, ते त्यानं पुढं ढकललं. ढग आले तर उघडायचं, गेले तर झाकायचं. पारावर पत्ते खेळताना मध्येच उठून पळायचा. रामसिंग, त्याचा पत्त्यातला जोडीदार, वैतागून म्हणाला, "काहून रे, आत काय लेकरू झोपलंय का?" वसराम म्हणाला, "व्हय." आणि पळाला.

रोपं वाढली ती सावकाश. बुटकी, ठेंगणी, कुणी बघायला येणार नाही अशी. मिराबाई रोज त्यांच्या खोडाला बोट लावायची आणि हळू आवाजात म्हणायची, "अजून जाड हो, बाई."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, एका दुपारी, औंढ्याच्या बाजूनं आभाळ काळं झालं. निलम बाजाराला शिरड शहापूरला गेली होती. वारा आधी आला. त्यानं खळ्यावरचा पाला उडवला, साड्या फुगल्या, कमानी जमिनीला टेकायला लागल्या. वसराम धावत आला आणि झाकलेलं छत घट्ट धरायला दोरी ओढायला लागला. मिराबाई घरातून ओरडत बाहेर आली, पण तिची पंचाईत झाली. सांगायचं कुणाला? निलम नव्हती. ती क्षणभर घुटमळली आणि खुंट्याला बांधलेल्या शेरडीकडं वळली.

"ए शेरडे! त्यांना सांग, साड्या सोडून द्या! वारा आरपार जाऊ द्या, न्हाईतर घरच उडंल!"

शेरडीनं नाही, पण वसरामनं ऐकलं. त्यानं दोऱ्या सोडल्या, साड्या एका टोकाला गोळा झाल्या, कमानी उघड्या पडल्या. वारा नळ्यांमधून शिट्टी वाजवत गेला. नुसत्या कमानी वाकल्या, हलल्या, पण उपटल्या नाहीत. आणि मग पहिली गार पडली, बोराएवढी. मग दुसरी.

"शेरडे, गोधड्या!" मिराबाई ओरडली आणि स्वतःच पळाली. वसरामनं पश्चिमेची पोती ओरबाडून काढली. दोघांनी मिळून कमानींवर आधी पोती टाकली, त्यावर मिराबाईनं शिवलेल्या तीन गोधड्या. एक टोक त्यानं धरलं, एक तिनं. गारा ताशासारख्या वाजायला लागल्या. दोघं समोरासमोर, आपापल्या टोकावर बसलेले, डोक्यावर एकेक रिकामं घमेलं. दहा मिनिटं. एक गार वसरामच्या बोटांच्या पेरांवर बसली, रक्त आलं. त्यानं टोक सोडलं नाही. मिराबाईनं ते बघितलं. शेरडीला काहीच सांगितलं नाही.

आभाळ मोकळं झालं तेव्हा परस पांढरं झालं होतं. निंबाचा पाला सगळा खाली. त्यांनी गोधड्या उचलल्या. दोन कमानी तुटल्या होत्या, बाकीच्या पाच परत उभ्या राहिल्या. पहिल्या खेपेतल्या दोन रोपांसकट एकवीस रोपं होती, त्यांतली पाच चिरडली होती. सोळा होती. मिराबाईनं ती बोटानं एकेक मोजली. ती घरात गेली, हळद आणि चिंधी घेऊन आली, आणि वसरामची बोटं बांधली.

जूनमध्ये रोपं जमिनीत गेली. पोळ्याच्या आधी वांगी लागली. पांढरट हिरवी, रेघारेघांची, देठाला बोट लावू न देणारी. पहिलं वांगं मिराबाईनं निखाऱ्यावर भाजलं, साल काढली, ठेचा-मीठ घालून भाकरीवर ठेवलं. पहिला घास घेतला आणि डोळे मिटून बसून राहिली. "माझी याडी," एवढंच म्हणाली. निलम आणि देविदास खाली बघून जेवत राहिले.

प्रत्येक झाडावरचं सर्वांत सुरेख फळ तिनं राखून ठेवलं. भादव्याच्या उन्हात ती फळं पिवळी झाली. तिनं बी काढलं, राखेत घोळलं, शेण कालवलं आणि घरातल्या सगळ्यांना कळायच्या आत गोवऱ्या थापल्या त्या दुसऱ्यांच्या भिंतींवर. एक भावसिंग नाइकाच्या घरी. एक रामसिंगच्या. एक देविदासच्या हाती वसमतला पाठवली, तो राहतो त्या खोलीच्या भिंतीला. आणि एक स्वतः चालत शिरड शहापूरला नेऊन द्वारकाबाईच्या ओट्यावर ठेवली. द्वारकाबाई गोवरीकडं बघतच राहिली.

"अहो, पण पारुबाईनं घराबाहेर देऊ नको म्हणलं होतं ना?"

"म्हणली होती," मिराबाई म्हणाली. "पण तिच्या जावयाला ती नीट वळखत नव्हती."

परत आली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. शेवटचा गोळा घमेल्यात राहिला होता. तिनं मागच्या भिंतीकडं बघितलं. पाच गोल डाग अजून तिथंच होते. वसराम परसात साड्यांच्या घड्या घालत होता, पुढच्या उन्हाळ्यासाठी. निलम चुलीपाशी, हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर होती.

मिराबाईनं निलमला हाक मारली नाही.

"देवाचे बापू," ती म्हणाली.

वसरामच्या हातातली साडी तशीच राहिली. देवा म्हणजे देविदास. देवा जन्मल्यापासून ती त्याला याच नावानं हाक मारत होती आणि सात महिने ही हाक त्यानं ऐकली नव्हती. साडी खांद्यावर टाकून तो जवळ आला.

"ही तुमी थापा." तिनं गोळा त्याच्या तळहातावर ठेवला. "पण वर. लई वर. तुमचाच हात पुरणार न्हाई इतकी वर."

वसरामनं भिंतीकडं बघितलं, हातातल्या गोळ्याकडं बघितलं, आणि इकडंतिकडं शोधून पाण्याचा तो ड्रम आणला, पालथा घातला आणि त्याच्यावर चढला. साठीतला माणूस, एका हातात शेण, दुसरा हात भिंतीला. ड्रम डगडगायला लागला.

"हलू नका," मिराबाई म्हणाली, आणि खाली बसून तिनं दोन्ही हातांनी ड्रम घट्ट धरला.